उकार

पारोळ्यात ज्या खोलीत मी लिहिते
तिच्या खिडकीतून किल्ल्याचा खंदक दिसतो.
पाणी नाही. बाभळी आहेत,
आणि कुणीतरी वाळत घातलेली गोधडी.

सतरा कादंबऱ्या झाल्या इथे बसून.
सगळ्यांत दोघं भेटतात, तुटतात, शेवटी भेटतात.
स्टँडवरचा दुकानदार त्यांना
बाईंचं गोड वाङ्मय म्हणतो
आणि शेवेच्या पाकिटांशेजारी लावतो.

अठरावी मला रद्दीत सापडली.
उखा भावसार, रंगारी, यांची वही,
शके सतराशे सत्तेचाळीस.
कडा उंदरांनी कुरतडलेल्या,
एका पानावर आलाचा लाल अंगठा,
सही म्हणून नव्हे,
घाईत, हात न पुसता पान उलटताना उमटलेला.
त्या अंगठ्यावर मी माझा ठेवून पाहिला.
माझा लहान निघाला.

नेवे सर मोडी लावतात. कानानं कमी,
म्हणून वाचतात ते सगळ्या गल्लीसाठी:
तुरटी दोन शेर.
कुसुंब्याची फुले, बाकी येणे.
बोरीस पूर, तीन रोज रंग बंद.
आणि मग त्याच शाईत, त्याच कंटाळ्यात:
तापी कोळीण इजला सुत परत दिल्हे.
मोबदला घेतला नाही.

थांबा, मी ओरडले. सुत की सूत?
मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं, सर म्हणाले,
उकार एकच.
पण बाई, वही रंगाऱ्याची आहे.
सूत म्हणजे दोरा. लेक नव्हे.
संस्कृत कशाला शिरेल हो तुरटीच्या हिशेबात?

पटलं मला. तेव्हाही पटलं होतं.
तरी घरी येऊन मी तो उकार आखूड केला,
आणि तापीला एक मुलगा झाला.
सहा वर्षांचा, निळ्या नखांचा,
रंगाच्या हौदाशेजारी वाढलेला.
पुराच्या रात्री उखानं तो परत दिला,
दारात, कंदील खाली ठेवून, न बोलता.
तीनशे बारा पानं झाली.
बायका रडल्या. दुसरी आवृत्ती निघाली.

आता, उशिरा, लाज वाटते ती याची नाही
की मी खोटं लिहिलं.
लाज याची, की खरं समोर होतं
आणि ते मला पुरलं नाही.
जो माणूस पावशेर हळदीची उधारी विसरत नाही,
भावाच्या नावावरही दोन आणे मांडतो,
त्यानं एका बाईचं सूत रंगवलं,
लाल, म्हणजे महाग,
आणि पुढे लिहिलं: घेतला नाही.
का, ते लिहिलं नाही.
वहीत त्यासाठी रकाना नव्हता.
मी मात्र तिथे मूल आणून बसवलं.

परवा बहादरपूरहून इंदूबाई भोई आल्या.
कादंबरी नातीनं वाचून दाखवलेली.
चहा बशीत ओतून प्यायल्या,
मग पदराची गाठ सोडली.
आत लाल सुताची लडी, मुठीएवढी.
माय, हाई तिनंच शे, म्हणाल्या.
आमच्या घरात कधीची आहे,
कुणाची ते आत्ता कळलं.

मी काय सांगणार?
की त्या मुलाला मी जन्म दिला,
याच टेबलावर, मार्च महिन्यात?
की तापीबद्दल मला एक ओळ ठाऊक आहे,
आणि तीही धड वाचता येत नाही?
पैसे विचारले, तर रागावल्या.

लडी आता वहीशेजारी आहे.
आलाचा रंग पक्का असतो,
धुतल्यावर सुटत नाही,
हे मी अभ्यासून लिहिलंय, पान एक्केचाळीस.
म्हणजे वाटीभर पाणी आणलं
की सगळं कळेल.

माठ भरलेला आहे. वाटी पालथी.
मी खिडकीतून गोधडी बघते आहे.