बाकीचे दिवस

गंगावेशीत पहाटे साडेपाचला
केरबा चौगले म्हशीखाली बसतो.
चरवीत फेस चढतो, आणि मला वाटतं
हा मला नुसता फेसच विकतोय.

म्हणून वही केली. तारीख, माप, शेरा.
तीन : बोटभर कमी.
सात : कमी.
अकरा : कमी, वर हसला.
एस.टी.त तीस वर्षं हिशेब तपासलेला माणूस मी,
पुराव्याशिवाय बोलत नाही.

शर्वरीनं वही चाळली, भाकरीचा तुकडा हातात तसाच.
'बाबा, चार-पाच-सहा तारखेला काय झालं?'
'काही नाही. बरोबर होतं.'
'मग ते कुठाय?'

कुठं असणार.
पुऱ्या मापाच्या दुधाचा चहा झाला,
तो पीत मी कमी दुधाची वाट बघत बसलो.

'वर हसला' हे कुठलं माप, तिनं नाही विचारलं.
मीच खोडलं.
खोडताना आठवलं, त्या दिवशी म्हशीनं
शेपटीनं माझी टोपी उडवली होती,
अख्खा कट्टा हसला होता.

आता रोज लिहितो. पंधरा दिवस झाले.
दोनदा कमी, एकदा जास्त.
जास्तीच्या दिवशी पेन लवकर सापडेना,
तेही लिहिलंय.

पुढच्या पानावर थोरल्या भावाचं नाव घातलंय,
फोन करत नाही म्हणून.
तारीख अजून टाकलेली नाही.
आधी मोबाईलमध्ये बघायचंय
शेवटचा कुणी केला होता.