स्टिल

गृहपाठ एकाच शब्दाचा होता.
मिस गॅलब्रेथनं फळ्यावर पाच इंग्रजी अक्षरं लिहिली:
सोमवारपर्यंत याचे सापडतील तितके अर्थ आणा.
शब्दकोश उघडायचा नाही.
माणसांना विचारायचं.

शनिवारी वारा पडलेला.
इशबेल, वय वर्षं नऊ, वही घेऊन धक्क्यावर गेली.
डूगलनं पाईप काढून पाण्याकडे नेम धरला.
हे बघ. हे स्टिल.
समुद्र असा, की बोटीला स्वतःचं पोट दिसावं.
दुपारी विचारलं असतंस तर दाखवता आलं नसतं.

मी हे मराठीत आणू बघतो आणि अडतो.
संथ म्हणावं तर नदी येते,
निपचित म्हणावं तर ताप येतो,
स्तब्ध म्हणावं तर
दोन मिनिटं उभं राहावं लागतं कुणासाठी तरी.
तिला बरं होतं. तिनं लिहिलं, न हलणारं,
आणि पुढं गेली.

पोस्टातली बाई तिकिटं फाडता फाडता म्हणाली,
न्हाव्याच्या खुर्चीत पोराला आई दटावते ना, तेच.
पोस्टाबाहेर बाकावर बसलेला म्हातारा कॅलम म्हणाला,
सकाळपासून तीन झाले, तरी घसा कोरडाच.
ह्या 'तरी'ला काय म्हणतात विचार तुझ्या बाईंना.

मग डिस्टिलरी.
बाप तिथं रात्रपाळी संपवून दिवसपाळीत शिरलेला.
ही बघ स्टिल, लॉख्लन म्हणाला,
तांब्याची, हंसाच्या मानेची,
आणि जन्मात कधी स्टिल न बसलेली.
स्वतःच्या विनोदावर तो एकटाच हसला.
मग बोटाच्या पेरानं तिच्या कुशीवर टकटक केलं, कान लावला.
तांबं झिजत चाललंय. आवाज पातळ झालाय.
काचेच्या पेटीत धार पडत होती,
पेटीला पितळी कुलूप, किल्ली सरकारी माणसाकडे.
पहिली धार म्हणजे डोकं, ते काढून टाकायचं.
शेवटची शेपूट, तीही.
पिंपात फक्त मधलं काळीज जातं.
हेही लिहू?
नको, ते दुसऱ्या शब्दाचं.

घरी आई बटाटे सोलत होती.
आई, स्टिल म्हणजे?
सुरी थांबली.
सालीचं वेटोळं अर्ध्यावर लोंबत राहिलं.
हाही एक अर्थच होता,
पण इशबेलला तो टिपून घेता आला नाही.

आपल्या गेलिकमध्ये ह्यांची घरं वेगळी आहेत, आई म्हणाली.
भट्टीचं वेगळं, गप्प पाण्याचं वेगळं.
इंग्रजीनं सगळ्यांना एकाच खोलीत झोपवलंय.
आणि 'अजून'ला?
हा-अस्त.

माझ्या कानाला त्यात अस्त ऐकू येतो,
आणि अर्थ नेमका पाठमोरा:
मावळलेलं नाही.

हात पुसून आई आत गेली.
टेबलक्लॉथच्या घडीतून एक कागद काढून आणला,
ग्लासगोच्या इस्पितळाचा, इशबेलपेक्षा एक वर्षानं थोरला.
मुलगा. सात पौंड.
नावाची जागा कोरी.
खाली तोच शब्द, पण एकटा नाही,
त्याच्या पाठीला 'बॉर्न' चिकटलेला.

तो हलला नाही, म्हणून?
हलला नाही म्हणून.
किटली शिजत होती. कुणी उठलं नाही.
मग आई म्हणाली, पण जन्मला तर होता ना.
मी त्याला आणलं होतं इथवर.
लिही. लिही तूही.

इशबेलनं खूप वेळ पेन्सिल चावली.
मग लिहिलं, स्टिल,
स्वल्पविराम दिला,
एक बोटभर जागा सोडली,
आणि मग, बॉर्न.

सोमवारी मिस गॅलब्रेथ वह्या तपासत होती.
दहापैकी आठ. कॅलमच्या 'तरी'ला शाबासकी.
शेवटच्या ओळीवर लाल पेन आलं.
तुटलेला शब्द जोडायची कमान
तिनं अर्धी काढली,
आणि तिचा हात थांबला.

इशबेल आता बासष्ट वर्षांची आहे.
स्टिल वितळवून विकल्या, डूगल गेला, धक्का खचला.
वहीत ती अर्धी लाल रेघ
अजून आहे.