धारोष्ण

सारेमा बेटावर जूनमध्ये नीट अंधार पडतच नाही,
म्हणून अकरा वाजून गेले तरी आम्ही गोठ्यात.
पिल्वेची धार मी काढली.
इंद्रेकनं मगातच ओठ बुडवले, फेसाच्या मिशा.
उरलेलं मी प्यायले.

पहिला ताप चार दिवसांत उतरला.
आठवडाभर तो ज्युनिपरच्या झुडपांतून हुंदडला,
आणि मग एका सकाळी
त्याला हनुवटी छातीला टेकवता येईना.

कुरेसारेच्या इस्पितळात त्याच्या पाठीतून पाणी काढलं.
नळीत ते इतकं नितळ
की मला वाटलं, यात काही नसणारच.
डॉक्टर तामसालूंनी विचारलं, गोचीड चावली होती का?
नाही. आईनं सगळं अंग तपासलं होतं,
काखा, कानांमागे, बोटांच्या बेचक्या.
त्या जरा थांबल्या.
शेळी आहे का घरी?

चावली होती, पण पिल्वेला.
आम्ही परतलो तेव्हा ती कुंपणाशी
मजेत रवंथ करत उभी.

माझंही रक्त घेतलं. मला काही नव्हतं.
का नव्हतं, ते कुणी सांगितलं नाही.

इंद्रेक आता एकोणीसचा.
उजव्या हातानं बटण लावताना अडतो,
कधी साधा शब्द हरवला की, चमचा, गुरुवार,
माझ्याकडे बघतो.
मी तो देत नाही. वाट बघते.

माझ्या स्वयंपाकघरात दूध रोज उतू जातं.
नवरा आतून ओरडतो, शेगडी बंद कर!
करते.
आणखी एक उकळी येऊ दे.