असेलही

सहा महिने मासळीचा वास सोसला नाही मला.
बेतूलच्या जेटीवर वाढलेली मी, पाग्यांची पोर,
पाटी दिसली की परसात पळायची.
सासू पेडव्यांचं सुकं झाकून ठेवायची.
मी पाव खायची, चहात बुडवून,
आणि कुंकळ्ळीच्या दुकानातली तिखट शेव.

साईश आता सात वर्षांचा.
रात्री त्याच्या छातीत
कुणीतरी माडाच्या पात्याची पिपाणी वाजवतं.
अंधारात पंप चाचपते,
दोन फवारे, दहापर्यंत मोजते.

मडगावची डॉक्टर म्हणाली,
पोटुशीपणी आई काय खाते, मासळी, फळं, भाजी,
त्याचा थोडा संबंध असेलही.
नसेलही.
घरात ओल आहे का? विडी कोण ओढतं?
नवरा खिडकीबाहेर बघत राहिला.

'नसेलही' तिथंच टेबलावर राहिलं.
'असेलही' बसमधून माझ्याबरोबर आलं,
तिकीट न काढता.

आज जेवताना साईशनं
स्वतःच्या ताटातला एक पेडवा
माझ्या भातावर ठेवला.
'तू का नाही घेतलास?'

खाल्ला.
काट्यासकट.