तुर्वेलच्या धक्क्यावर

पहाटे चंद्र उतरवतात इथे.
रहाटाला सोळा माणसं, शिव्या वेगळ्या.
त्याच्या पोटाला शिंपले चिकटलेले;
ओस्रा खरवडते, गुडघाभर पाण्यात,
पाटीमागे दीड नाणं.

वरच्या शहराला तो घासलेलाच माहीत.

घरी आली तरी हात विझत नाहीत,
राखेने चोळा नाहीतर वाळूने.
बाळ झोपत नाही त्या उजेडात.
मग नवऱ्याचे जुने मोजे
ती हातांवर चढवते
आणि थोपटते.

संपात तीन रात्री चंद्र धक्क्यावरच पडून होता, कुशीवर.
वरून टोपीवाला आला, कंदील घेऊन, ठेचकाळत.
आम्ही जेवत होतो.
ओस्राने मोजे काढून ठेवले होते,
माशातले काटे
नीट दिसत होते.