पिन दोन

गुरुवारी दोन ते चार
ओरिसारेच्या वाचनालयात, नकाशांच्या कपाटाशेजारी,
मी लोकांचे संगणक बघतो.
बहुतेक वेळा बिघडलेला असतो प्रिंटर.
नाहीतर चष्मा घरी राहिलेला असतो.

हेल्यू काट्टेल आली, ओला कोट न काढताच बसली.
फोन टेबलावर पालथा ठेवला,
मेलेलं पाखरू कुणाला दाखवायला आणावं तसा.

"बाई बोलत होती," म्हणाली. "फार गोड.
बँकेतूनच. माझ्या चोराला पकडत होती ती.
म्हणाली, घाई करा, तो आत शिरतोय.
आणि मी दार उघडलं, त्याला हाकलायला."

अकराशे चाळीस युरो.
छपरासाठी साठवलेले.

या हेल्यूनं एकतीस वर्षं कुइवास्तूच्या धक्क्यावर
फेरीबोटीची तिकिटं तपासली.
तिकिटाशिवाय पाद्र्याला सोडलं नाही,
सख्ख्या भावाला नाही.
एकदा तर नवरदेव धक्क्यावर राहिला
आणि वऱ्हाड पलीकडे गेलं.
बेट अजून सांगतं ते हसून हसून.
आता हेच बेट काय सांगेल,
ते तिच्या मानेवर लाल होऊन उमटलं होतं.

मी दर गुरुवारचं सुरू केलं:
पिन एक म्हणजे दारात तुम्हीच उभ्या आहात.
पिन दोन म्हणजे तुमची सही.
सही कुणी फोनवरून मागत नाही,
आणि घाई, घाई तर फक्त चोरालाच असते.
ती मान हलवत होती,
डॉक्टरचं अक्षर लागल्यासारखी.

मग मी बर्फाचा रस्ता काढला.
समुद्र गोठला की गाडीनं पलीकडे जायचो, आठवतं?
तेव्हा पट्टा बांधायचा की सोडायचा?
"सोडायचा." लगेच. "बर्फ फुटला तर बाहेर पडता आलं पाहिजे."
आणि पुढची गाडी?
"लांब. कितीही ओळखीची असली तरी लांब."
बोलली, आणि स्वतःच्याच वाक्याकडे
बघत राहिली थोडा वेळ.

बँकेला कळवलं. खातं गोठवलं.
पोलिसांच्या अर्जात "पेशा"समोर
तिनं अजून "तिकीट तपासनीस" लिहिलं.

राहिला मेलचा पासवर्ड.
पडद्यावर चौकट: आधी जुना लिहा.
तिनं एका बोटानं लिहिला, ओठ हलवत,
आणि मला नको असताना ओठ वाचता आले.
वीरेस. म्हणजे सुरय पक्षी.
तिची बोट होती ती, पांढरी, डाव्या अंगाला पोचा आलेली,
कधीच भंगारात निघालेली.
चौकटीत नुसते सहा काळे ठिपके.

"नवा लांब ठेवा," मी म्हणालो. "चार-पाच शब्द,
एकमेकांशी नातं नसलेले."
"नातं नसलेले," ती म्हणाली,
आणि बोट कळफलकावर तसंच राहिलं.

तेवढ्यात फोन थरथरला, पालथाच, टेबलभर सरकत.
अनोळखी नंबर.
मी हात पुढे केला. तिनं आधी उचलला.
ऐकलं. नीट ऐकलं.
मग धक्क्यावरच्या, वाऱ्याला पुरून उरणाऱ्या आवाजात:
"तिकीट?"
वाचनालयात दोन माणसं वळली.
"तिकीट दाखवा आधी."
पलीकडे काहीतरी पुटपुटलं
आणि तुटलं.

तिनं कोट काढला. खुर्चीच्या पाठीला लावला.
कळफलक जवळ ओढला आणि मला म्हणाली,
"तू तिकडे बघ."
मी? अहो, मी तर...
"तूसुद्धा."

मी नकाशांच्या कपाटाकडे तोंड करून उभा राहिलो,
शाळेत उभं करायचे तसा.
मागे एक बोट, टक, टक,
मध्येच लांब थांबा, पुन्हा टक.
आणि मला माझा आठवला:
बारा वर्षांचा, सगळीकडे तोच एक,
कुत्र्याचं नाव, पुढे एकचा आकडा.

"झालं," ती म्हणाली.
मला वळायला जरा वेळ लागला.