परिशिष्ट तीन

मे महिन्यात आराखडा निघतो.
मुखपृष्ठावरचं साल मी बदलते.
आतला मजकूर गेल्या वर्षीचा,
आणि त्याच्या आदल्या वर्षीचाही तोच.
पान सव्वीसवर 'बोटी'च्या जागी 'बोटे' छापलंय:
बोटे, चार, सुस्थितीत.
पाच वर्षं झाली, मी ते दुरुस्त केलेलं नाही.
बोटी एवढ्या नाहीतच आमच्याकडे.

मंजूर पदं अकरा, भरलेली चार.
एक जण निवडणुकीच्या कामाला नेलाय,
एक बाळंतपणाच्या रजेवर,
साहेबांकडे आणखी तीन खात्यांचा चार्ज,
उरले मी.
आणि दस्तगीर, रोजंदारीवरचा,
जो आकृतिबंधात बसत नाही,
कक्षात मात्र बसतो रात्रभर,
वायरलेसच्या खरखरीला हुंकार देत.

त्या रात्री राजाराम बंधाऱ्यावर
एक्केचाळीस फूट, चार इंच.
राधानगरीचा तिसरा दरवाजा उघडल्याचा निरोप आला
आणि मी परिशिष्ट तीन उघडलं:
संपर्क यादी.
पहिला नंबर अस्तित्वात नाही.
दुसरे गृहस्थ इचलकरंजीला बदलून गेलेले.
तिसऱ्या घरी कोणा पोरानं उचलला,
म्हणालं, आजोबा दिवाळीतच वारले.
मी सॉरी म्हणाले. रजिस्टरात वेळ लिहिली, १.५०.

चौथा नंबर अण्णाप्पा बेडग्यांचा,
पदनाम: मोजणीदार.
"रिटायर हून सा वर्सं झाली की, बाई.
पानी कुटं आलंय?"
एक्केचाळीस, मी म्हटलं.
"ते पट्टीवरलं. मी इचारतोय, कुटं आलंय?"
मला सांगता येईना.
"पट्टी तुमची बंधाऱ्यावर.
पानी काय तिला इचारून शिरतंय व्हय?
सुतारवाड्यात नदीकडनं न्हाई येत ते,
नाल्यानं उलटं फिरून येतंय,
मागल्या दारानं, चोरागत.
आधी मागली आळी उठवा."

आराखड्यात पाणी समोरून येतं.
निळा बाण आहे तसा, पान चौदावर.

पावणेतीनला ते स्वतःच आले,
डोक्यावर खताचं पोतं, सुनेची टॉर्च,
आणि खोकला.
दस्तगीरनं चहा दिला तो तसाच राहिला.
आराखड्याच्या कोऱ्या पाठीवर
त्यांनी पेन्सिलीनं घरं मांडली:
हितं म्हातारी एकटी, ऐकू येत न्हाई, दार वाजवू नका, खिडकी वाजवा.
हितं दोन म्हशी. म्हशी सोडल्याबिगर मानूस हलायचा न्हाई.
पाच वाजेस्तोवर मागची आळी मठात पोचली होती,
म्हशींसकट.

सप्टेंबरच्या आढावा बैठकीत मी विषय काढला.
सेवानिवृत्तांसाठी लेखाशीर्ष नाही, म्हणाले.
पदभरतीचा प्रस्ताव शासनस्तरावर आहे.
तो तिथे कधीपासून आहे
हे सांगणारा लिपिकही आता बदलून गेलाय.
इतिवृत्तात माझं वाक्य आलं नाही.
बिस्किटं बरी होती.

आता परत मे.
पेन्सिलीचा तो कागद मी झेरॉक्स करून आणला,
पुसट आला. वरून पेन फिरवलं.
मुखपृष्ठावरचं साल बदललं.
परिशिष्ट तीन काढलं, चौथ्या ओळीशी थांबले.
पदनामात लिहिलं: रिक्त.
नंबर तोच ठेवला, सकाळी एकदा लावून पाहिला.
शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात
आजवर कोणी काही लिहिलेलं नव्हतं.
मी लिहिलं:
फोन उचलतात.